सगळी पॅनल्स दुसऱ्या मॉनिटरवर? नाही पटलं बुवा

खटपट्या: काल इथे एकाने फोटो टाकला, डावीकडच्या मॉनिटरवर फोटोशॉपचा नुसता कॅनव्हास, उजवीकडे लेयर्स, कलर, हिस्ट्री ही सगळी पॅनल्स पसरलेली, वर मथळा 'याला म्हणतात प्रोफेशनल सेटअप'. अहो, एका लेयरचा, म्हणजे चित्रातल्या एका थराचा, डोळा बंद करून तो लपवायला दर वेळी मान वळवायची आणि माउस दुसऱ्या गावाला न्यायचा? लेयर्स कॅनव्हासला चिकटूनच हवं. दुसरा मॉनिटर आहे ना, मग विंडो मेनूतल्या अरेंजमधून त्याच फाइलची दुसरी विंडो उघडा, इकडे ३०० टक्के झूम करून केसांचं मास्किंग करा, म्हणजे मागचं झाकून केस वेगळे काढा, तिकडे अख्खा चेहरा दिसत राहतो, कड जास्त खाल्ली की लगेच कळतं.

डीटीपीवाला: फोटो माझाच. १५ वर्षं फ्लेक्स आणि पत्रिका लावतोय, मान शाबूत आहे, काळजी नसावी. निम्मी कामं कीबोर्डवर होतात, माउस नेतंय कोण?

शेवंती: मान राहू द्या, लॅपटॉप घरी नेल्यावर काय करता? क्लायंट फोनवर, मी लेयर्स शोधतेय, मेनूत टिकमार्क आहे पण पॅनल दिसेना. ते बसलंय ऑफिसातल्या मॉनिटरच्या जागेवर! तेव्हापासून 'घर' आणि 'ऑफिस' असे दोन वर्कस्पेस, म्हणजे पॅनल्सच्या मांडण्या, सेव्ह केलेत.

टोळभैरव: पॅनल कुठेही ठेवा हो, रंगाचं बोला. दुसरा मॉनिटर म्हणजे कपाटावरून काढलेला टीएन जातीचा जुना, स्वस्तातला स्क्रीन. जयंतीचा फ्लेक्स होता, मंडळाचे अध्यक्ष माझ्या खुर्चीमागे उभे राहून त्याच्यावर भगवा बघून 'झकास' म्हणाले. छापून आला विटकरी. दोनशे चौरस फूट परत छापला, माझ्या खिशातून. उभ्याने वरून बघितलं की त्या स्क्रीनवर रंग वेगळाच दिसतो, हे नंतर कळलं.

डीटीपीवाला: यात माझ्या पॅनल्सचा काय दोष?

टोळभैरव: दोष तुमच्यासारख्यांचा, जे 'दुसरा कुठलाही चालतो' सांगत फिरतात.

डीटीपीवाला: कुठे म्हटलं मी?? दाखवा!

शेवंती: दादा, एक विचारू? फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत होती का?

टोळभैरव: आरजीबीत, स्क्रीनच्या रंगांत. पण मुद्दा तो नाहीये.

शेवंती: 🙏 तोच आहे. तो झगमगीत केशरी शाईत उतरतच नाही, मॉनिटर कुठूनही रंग सारखा दाखवणारा आयपीएस घ्या नाहीतर सोन्याचा.

टोळभैरव: बरं बाई, तुम्ही शहाण्या. तरी अध्यक्षांना यापुढे खुर्चीत बसवूनच दाखवणार.

खटपट्या: भगव्याचा वेगळा धागा काढा की राव, मी लेयर्सबद्दल बोलत होतो.

डीटीपीवाला: तुमची ती दोन विंडोंची युक्ती आज करून बघितली. बरी आहे. लेयर्स मात्र उजवीकडेच राहणार, सवय आहे.

खटपट्या: राहू द्या. झंडू बाम कुठल्या मॉनिटरवर ठेवता?