चॉकलेटमध्ये बुडवलेली चिक्की, खजूर, स्ट्रॉबेरी: थर पांढरा का पडतो, सुटून का येतो?

खडीसाखर

तिळाची चिक्की, बदाम भरलेले खजूर आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी चॉकलेटमध्ये बुडवायच्या आहेत. पहिली खेप बिघडली. काय काय केलं ते लिहिते, कुठे चुकलं सांगा.

डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरं तेल घातलेलं स्वस्त चॉकलेट) २०० ग्रॅम आणि ५५ टक्के कोकोचं कुव्हर्चर (कोको बटर जास्त असलेलं खरं चॉकलेट) २०० ग्रॅम, दोन्ही एकत्र. पातेल्यात पाणी खळखळ उकळत, वर स्टीलचं भांडं. अर्धं वितळल्यावर गाठी दिसायला लागल्या म्हणून दोन चमचे दूध घातलं, तर शिऱ्यासारखा गोळाच झाला. तो बाजूला ठेवून त्याच प्रमाणात नवीन वितळवलं, ते पातळ झालं. बुडवलेलं सगळं लगेच फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी चिक्की-खजुरावर राखाडी पट्टे, आणि हात लावला की चॉकलेट बोटाला. स्ट्रॉबेरीखाली गुलाबी पाणी साचलेलं, आणि चॉकलेटची टोपी अख्खी सुटून हातात.

राहायला ठाण्यात, स्वयंपाकघरात सध्या २९ अंश. थर्मामीटर घ्यावाच लागेल का? आणि साधारण किती नगांना किती चॉकलेट धरायचं?

वरवंटा

यात तीन वेगळे बिघाड आहेत, एकेक घेऊ.

गोळा झाला तो पाण्यामुळे. वितळलेलं चॉकलेट म्हणजे तुपात (इथे तूप म्हणजे कोको बटर, कोकोच्या बियांतली चरबी) कालवलेली साखर आणि कोकोची कोरडी भुकटी, पाणी त्यात जवळपास नसतंच. दोन-चार थेंब गेले की साखर ओली होऊन चिकट होते, कण एकमेकांना धरतात आणि तूप बाजूला पडतं. पिठीसाखरेत चार थेंब पाणी टाकून बघा, तसंच. तुमच्या पहिल्या गाठी बहुतेक वाफेच्या. उकळत्या पाण्यावर अरुंद भांडं ठेवलं की वाफ कडेने वर येऊन आत वळते. दुधाने मग उरलंसुरलं काम केलं.

पातेल्यात दोन बोटं पाणी, वरच्या भांड्याचा तळ त्याला लागता कामा नये, आणि ते भांडं पातेल्यापेक्षा चांगलं रुंद असावं. पाणी उकळलं की गॅस बंद करून मगच भांडं वर ठेवायचं. चॉकलेट हरभऱ्याएवढं चिरलेलं असेल तर तेवढी ऊब पुरते. उतरवल्यावर आधी भांड्याचा तळ पुसा. ओतताना तळाचं पाणी ओघळून चॉकलेटमध्ये पडतं, आणि हे हमखास विसरलं जातं. लाकडी चमचाही नको, तो ओल धरून ठेवतो.

गोळा टाकू नका. पाण्याने बिघडलेलं चॉकलेट आणखी पाण्यानेच सुधारतं. १०० ग्रॅमला निदान ३० मिली या हिशेबाने कडकडीत दूध किंवा साय थोडी थोडी घालत घोटा. आधी जास्तच फाटल्यासारखं दिसेल, मग एकदम गुळगुळीत सॉस होईल. आइस्क्रीमवर घाला, पोळीला लावा. बुडवण्यासाठी मात्र ते बाद.

पट्टे पडले आणि हाताला लागलं, त्याला कारण दोन प्रकारांची भेसळ. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी बहुधा पाम कर्नलचं घट्ट केलेलं तेल असतं. कोको बटर वेगळ्या ठेवणीने गोठतं, हे तेल वेगळ्या. निम्मं-निम्मं मिसळलं की दोघांनाही धड गोठता येत नाही, मिश्रण मऊ राहतं आणि चरबी वर येऊन पांढरी दिसते. एका भांड्यात एकच प्रकार. पाकिटावर घटकांत ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ असेल तर कंपाउंड, स्निग्धांश नुसता कोको बटरचा असेल तर खरं चॉकलेट.

पांढरेपणाचेही दोन प्रकार असतात. बोट टेकवून दहा सेकंद धरा. डाग वितळून नाहीसा झाला तर ती चरबी, म्हणजे भेसळ किंवा टेम्परिंगची (ठरावीक तापमानांतून नेऊन चॉकलेट नीट गोठेल असं करण्याची) चूक. खरखरीत लागून तसाच राहिला तर ती साखर, म्हणजे फ्रीजमधून काढल्यावर धरलेलं दव. दोन्ही खायला चालतात.

हिशेब: मध्यम स्ट्रॉबेरीला ८ ते १० ग्रॅम, भरलेल्या खजुराला ६-७. तरी ३०० ग्रॅमच्या खाली वितळवू नका. भांड्यात खोली नसली की जिन्नस बुडत नाही, नुसता लोळतो.

कैरीची_डाळ

एवढा खटाटोप कशाला? फेब्रुवारीत ठाण्यात २९ आहे, एप्रिलमध्ये ३५ होईल. कंपाउंड घ्या, ४५ अंशांपर्यंत वितळवा, बुडवा, झालं. टेम्परिंग नाही, थर्मामीटरची काटेकोर मोजणी नाही. दाट वाटलं तर २०० ग्रॅमला एक चमचा बिनवासाचं तेल. बटर घालू नका, त्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, परत गोळा होईल. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर ३० सेकंद, ढवळा, मग १५-१५ सेकंद. डोळ्यांना आकार दिसत असला तरी आतून वितळलेलं असतं, म्हणून दर वेळी ढवळायचं. ५० च्या वर गेलं की दाट आणि रवाळ होतं, आणि मग ते सुधारत नाही.

उलथणं

मुलांच्या वाढदिवसाला कंपाउंडच बरं, मान्य. पण जिभेवर फरक कळतो. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास विरघळतं, म्हणजे तोंडात लगेच. कंपाउंडचा मागे मेणचट थर राहतो, कडू-गोड डार्कमध्ये तर जास्तच. कुव्हर्चर आधीच घेतलंय, तर टेम्परिंग शिकून घ्या. सीडिंगची रीत घरी जमण्याजोगी आहे.

आधी ते का करायचं. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. आपल्याला हवा पाचवा: चमक त्याची, मोडताना ‘कट्’ आवाज त्याचा, हाताला न लागणंही त्याचंच. वितळवून नुसतं गार होऊ दिलं तर खालचे कच्चे प्रकार बनतात आणि काही तासांत पांढरे पट्टे उमटतात. विकत आणलेल्या चॉकलेटमध्ये पाचवा प्रकार तयार असतो, म्हणून त्याचंच थोडं विरजण लावायचं. दह्याला लावतो तसं.

३०० ग्रॅम डार्क घ्या. २०० वितळवून ४५ अंशांपर्यंत न्या, म्हणजे जुने सगळे स्फटिक मोडतात. खाली उतरवा, तळ पुसा. राहिलेलं १०० ग्रॅम अगदी बारीक चिरून तीन हप्त्यांत घाला आणि सारखं ढवळत राहा. १० ते १५ मिनिटांत पारा ३२ वर येतो. तेव्हाही न वितळलेले तुकडे उरले तर उत्तम, म्हणजे विरजण पुरेसं लागलं. ते चमच्याने काढून घ्या. ३२ च्या आधीच सगळे तुकडे विरघळले असतील तर आणखी थोडे घाला.

लगेच चाचणी: सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. २२ अंशांच्या खोलीत पाच मिनिटांत चमकदार, बिनपट्ट्याचं आणि कोरडं झालं तर सुरू करा. ओलसर राहिलं तर अजून दोन मिनिटं ढवळायचं.

काम करताना डार्क ३१-३२, मिल्क २९-३०, व्हाइट २८-२९ वर ठेवा. तुमचं स्वयंपाकघरच २९ वर आहे, तिथे बुडवलेला थर गोठायला नकोच म्हणेल. एसीच्या खोलीत २० ते २२ वर करा. तिथे भांड्यातलं चॉकलेट अर्ध्या तासात दाटायला लागतं, तेव्हा गरम पातेल्यावर पाच-पाच सेकंद धरून ढवळा, किंवा हेअर ड्रायरचा झोत कडेने द्या. डार्क ३३-३४ च्या वर गेलं तर विरजण मेलं समजा, पुन्हा ४५ पासून.

थर्मामीटर: ताप मोजायचा चालणार नाही, तो साधारण ३२ च्या खाली काही दाखवतच नाही. पाक मोजायचे काही ४० पासून सुरू होतात, तेही नकोत. सळईवाला डिजिटल, ० पासून मोजणारा घ्या. बंदुकीसारखा इन्फ्रारेड असेल तर मोजण्याआधी ढवळा, तो फक्त वरच्या थराचं तापमान सांगतो. काहीच नसेल तर खालच्या ओठाला थेंब लावा. किंचित गार लागला की ३१-३२ च्या जवळ आलात.

आणि कुव्हर्चर घेताना टक्क्यांबरोबर पातळपणा बघा. कॅलेबॉ या चॉकलेट कंपनीच्या पिशवीवर थेंबांची चित्रं असतात. तीन थेंब बुडवायला योग्य, एक-दोन थेंबांचा थर जाड बसतो.

सोलकढी

वरच्या तिघांनी चॉकलेटचं सांगितलं, आता आत काय आहे ते बघू. थर सुटतो तो पुष्कळदा आतल्या जिनसामुळे.

स्ट्रॉबेरी फ्रीजमधून काढून लगेच बुडवली असणार. थंड फळावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं, चॉकलेट फळाला न चिकटता त्या दवावर बसतं, म्हणून टोपी निघते. शिवाय थर झटकन जाड गोठतो आणि फळ कोमट होताना फुगलं की तडकतो. देठासकट धुवा, देठ काढून धुतलं तर पाणी आत शिरतं. पंचावर एकेक सुटी ठेवून पंख्याखाली तासभर, मग देठाखालची पानं उचलून तिथली ओल टिपा. हमखास राहते ती तिथेच. पेटीतल्या खालच्या थरातली दबलेली फळं जॅमसाठी ठेवा. बुडवायला टणक, खांद्यापर्यंत लाल, १५ ते २० ग्रॅमची.

देठाजवळचा अर्धा सेंटिमीटर उघडा ठेवा. तरीही पाणी सुटणारच: चॉकलेटमधली साखर फळातलं पाणी ओढते आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग ते थराखाली साचतं. सात-आठ तासांत खाऊन टाकायची. दुसऱ्या दिवसासाठी हा पदार्थ नाहीच. पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर दुपारी करा.

चिक्कीचं उलट आहे. गूळ-साखर हवेतली ओल ओढते, म्हणून चॉकलेट तिचं चिलखत. थर सगळीकडून बंद हवा. टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी तिथून पाक पाझरतो आणि तपकिरी चिकट थेंब दिसतो. एका बाजूने बुडवून, ती गोठल्यावर दुसरी, असं केलं तर सांधा एकावर एक चढू द्या. चिक्की ४-५ मिलिमीटर जाडीची, गरम असतानाच कापलेली, आणि पूर्ण गार. बुडवण्याआधी कोरड्या ब्रशने सुटे तीळ झाडा, नाहीतर शेवटचे दहा तुकडे तिळाच्या चिखलातून निघतात. शेंगदाण्याची असेल तर दोन-तीन आठवड्यांत संपवा, दाण्याचं तेल हळूहळू चॉकलेटमध्ये उतरतं आणि थर मऊ, पांढुरका होतो.

खजूर: किमिया असेल तर फार ओलसर, बी काढून, भाजून गार केलेला बदाम भरून, चीर दाबून दोन तास पंख्याखाली. बदाम गरम असेल तर आतून टेम्पर मोडतं आणि फक्त त्या जागी डाग येतो.

बुडवायला प्लॅस्टिकच्या काट्याचे मधले दोन दाते मोडा, उरलेल्या दोनांवर खजूर नीट बसतो. बुडवा, उचला, काटा भांड्याच्या काठावर चार-पाच वेळा आपटा, तळ काठावर पुसा, मग बटर पेपरवर तिरका करून सरकवा. आपटायचा कंटाळा केला की खाली चॉकलेटचं जोतं तयार होतं. वर पिस्त्याचे काप किंवा खडे मीठ टाकायचं तर एका मिनिटाच्या आत, चमक जायच्या आधी.

खडीसाखर

बरंच कळलं, आभार! दोन शंका. मग फ्रीज अजिबात वापरायचा नाही का? आणि उरलेलं चॉकलेट पुन्हा चालतं का? खेरीज घरातल्या लहान मंडळींना केळ्याचं काहीतरी हवंय.

उलथणं

फ्रीज चालतो, १० ते १५ मिनिटं. गोठताना चॉकलेट स्वतः उष्णता सोडतं, ट्रे भरलेला असेल तर मधले नग त्या उष्णतेने बिघडतात, म्हणून थोडा गारवा उपयोगीच. थर मंद दिसायला लागला की आत, घट्ट झाला की बाहेर. रात्रभर नको. साठवायचं तर घट्ट झाकणाच्या डब्यात १८ ते २० अंशांवर. उन्हाळ्यात फ्रीजशिवाय इलाज नसेल तर डबा बाहेर काढून तासभर तसाच बंद ठेवा, दव डब्यावर धरू दे.

उरलेलं चालतं, पाणी गेलेलं नसेल तर. तीळ-कण गाळून घ्या, बटर पेपरवर पातळ ओता, गोठलं की मोडून ठेवा. पुढच्या वेळी ते वितळवायच्या हिश्श्यात घ्या. विरजणासाठी पाकिटातलं नवंच, कारण उरलेल्याचं टेम्पर शाबूत आहे याची खात्री नसते. स्ट्रॉबेरी बुडवलेलं मात्र साठवू नका, त्यात फळाचा रस उतरलेला असतो, त्याच दिवशी सॉस करा.

कैरीची_डाळ

केळ्याला टेम्परिंग लागतच नाही, गोठलेलंच खायचं असतं. वेलची केळी पिकलेली पण टणक, अख्खी सोलून काडीवर, बटर पेपरवर तीन तास फ्रीझरमध्ये. २०० ग्रॅम डार्कमध्ये दोन मोठे चमचे रिफाइंड खोबरेल तेल घालून वितळवा, कोमटावर येऊ द्या. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे थर अर्ध्या मिनिटात कडक होतो. उंच अरुंद पेल्यात घेऊन बुडवा. केळ्यावर बर्फाचा भुगा दिसला तर आधी कोरड्या फडक्याने पुसा, आणि दाण्याचं कूट लावायचं तर ते ताटलीत आधीच पसरून ठेवा, बुडवल्यावर शोधत बसायला वेळ नसतो.