राउटर नाही, तरी १६९.२५४ वाला आयपी दिला कोणी? मदत हवी आहे

मंडळी, कालपासून डोकं पिकलंय, कोणीतरी नीट समजावून सांगा. जुन्या विंडोज पीसीवरच्या फायली लिनक्स लॅपटॉपवर घ्यायच्यात, वायफायने रात्र गेली असती म्हणून लॅनची केबल थेट दोघांत जोडली. मध्ये राउटर नाही, स्विच नाही, काही नाही. तर विंडोज थोडा वेळ थांबलं आणि आपला आपणच १६९.२५४.७३.१८ आयपी घेऊन बसलं, मी कुठेच काही टाकलं नव्हतं! लिनक्सला मात्र आयपीव्ही४ चा (जुन्या पद्धतीचा, असाच चार आकड्यांचा) पत्ताच मिळत नाही, ते कनेक्टिंगचं चक्र फिरत राहतं, मग कनेक्शन पडतं, परत तेच.

ते फिरत असताना दोन्हीकडे एफई८०:: ने सुरू होणारा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) दिसतो, म्हणून लिनक्सवरून विंडोजचा तो पत्ता पिंग केला (पलीकडून उत्तर येतं का बघायला) तर म्हणे "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट". अहो जसाच्या तसा टाकलाय, फक्त मागे %१२ असं शेपूट होतं ते कचरा समजून काढलं.

आणि वायफाय कार्डालाही एफई८० आहेच, तिथे नेट मस्त चालतं. मग हा पत्ता म्हणजे बिघाडाची खूण की नाही?

प्रतिसाद १:
शेपूट काढलं तिथेच घोळ झाला :) पण आधी १६९.२५४ बद्दल. तो कोणी दिला नाही, विंडोजने स्वतः घेतला. डीएचसीपीला (आयपी वाटणारी सेवा, घरी बहुतेक राउटरमध्येच असते) हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, मग १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ मधला एक नंबर रँडम उचलला. उचलला की लगेच वापरायचा नसतो, आधी एआरपीने (कुठला आयपी कुठल्या कार्डाचा हे शोधायची पद्धत) केबलवर विचारायचं की बाबा हा कोणाचा आहे का, आरएफसी ३९२७ मध्ये (या पत्त्यांच्या नियमांचा दस्तऐवज) तीनदा विचारायला सांगितलंय, कोणी "माझा" म्हणालं तर दुसरा नंबर. राउटर असले लिंक-लोकल, म्हणजे त्या एका जोडणीपुरते, पत्ते पुढे पाठवत नाही, त्यामुळे यावर इंटरनेट मिळणार नाही, पण समोरासमोरच्या दोन मशीनना पुरेसा आहे. लिनक्समध्ये नेटवर्क मॅनेजर (कनेक्शन सांभाळणारा प्रोग्राम) हे आपणहून करत नाही, वायर्ड कनेक्शनच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये "लिंक-लोकल ओन्ली" निवडा, चक्र थांबेल.

आयपीव्ही६ ची गोष्ट उलटी आहे. तिथे एफई८० नाइलाज म्हणून येत नाही, प्रत्येक इंटरफेसला तो असलाच पाहिजे, बाकी पत्ते मिळोत न मिळोत. शेजारी शोधणं, राउटरची जाहिरात हे सगळं त्याच्यावरच चालतं. वायफायवर आयपीव्ही६ चालू असेल तर डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायच्या राउटरचा पत्ता) बघा, तोही एफई८० वालाच दिसेल. म्हणजे बिघाड नाही.

आता गंमत अशी की तुमच्या वायफाय आणि वायर्ड दोन्ही कार्डांवर एफई८० चंच जाळं आहे, मग पॅकेट कुठल्या दारातून सोडायचं हे कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) कसं कळणार? ते सांगायला ते शेपूट. पण ते ज्याचं त्याचं असतं हां, विंडोजचं १२ लिनक्सवर चालणार नाही, तिथे %ईटीएच० असं तुमच्याच कार्डाचं नाव लावा.

प्रश्नकर्ता:
लिंक-लोकल ओन्ली केलं, लिनक्सलाही १६९.२५४ वाला मिळाला, भारी! शेपूट लावल्यावर एररही गेली, पण आता पिंगला उत्तरच नाही, नुसती शांतता. विंडोजकडून लिनक्सला पिंग मात्र जातंय. केबल एका बाजूने चालते का काय??

प्रतिसाद २:
केबलला शिव्या देऊ नका, फायरवॉल आहे ती. राउटर नाही म्हणून विंडोज याला अनआयडेंटिफाइड नेटवर्क म्हणतं आणि पब्लिक धरतं, मग बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर देत नाही. खात्री करायची तर पिंग मारून लगेच लिनक्सवर नेबर टेबल (केबलवरच्या शेजाऱ्यांची यादी) बघा, विंडोजचा मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर नंबर) तिथे दिसला म्हणजे ते उत्तर देतंय, फक्त पिंगला नाही. फायरवॉल अख्खी बंद करत बसू नका, उलटं करा, लिनक्सवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षितपणे जोडायची सेवा) चालू करा आणि विंडोजकडून फायली ढकला.

प्रश्नकर्ता:
मॅक दिसला! ढकलतोय आता, १६९.२५४ वरूनच, शेपटाची कटकट नको. वायफायपेक्षा कितीतरी जोरात चाललंय.