फेसलिफ्ट करावी की नाही? मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय ५८ असून मी मुलुंडला राहते. जबड्याच्या कडेची त्वचा ओघळली आहे आणि बोलताना मानेवर दोन उभे पट्टे ताणलेले दिसतात, म्हणून फेसलिफ्टचा विचार करीत आहे. दादरच्या एका प्लास्टिक सर्जननी समजावले की या शस्त्रक्रियेत केवळ कातडी न ओढता तिच्याखालचा स्नायूंवरचा थरही उचलून टाके घालतात, व्रण कानाच्या कडेने राहतो, मात्र ओघळलेल्या पापण्या त्याने सुधारत नाहीत आणि कपाळावरच्या आठ्याही जात नाहीत. फिलर, म्हणजे त्वचेखाली सुईने भर घालणारे जेल, भरून घेण्याचा सल्लाही मिळाला. पण ओघळलेल्या त्वचेला भर घालून काय साधणार, हे मला पटलेले नाही.

खरी काळजी रक्तदाबाची आहे. तो गोळीने आटोक्यात असला, तरी वाढलेल्या रक्तदाबामुळे त्वचेखाली रक्त साकळण्याचा धोका वाढतो, असे त्यांनीच सांगितले. मेडिक्लेममध्ये हा खर्च बसत नाही, ते एक वेगळेच.

रक्तदाब असताना कोणी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे का? भूल पूर्ण दिली होती का, आणि सूज व काळेनिळे डाग ओसरून लोकलने कामावर जाण्याजोगे व्हायला किती आठवडे लागले? सर्जनची एम.सीएच. (प्लास्टिक सर्जरीतील उच्च पदवी) पाहण्याखेरीज आणखी काय विचारून घ्यावे, हेही कृपया सांगावे.