गिगचे पैसे ठरल्याप्रमाणे मिळावेत म्हणून तुम्ही काय करता?

काळी_चार
नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा बँड आहे, मी कीबोर्डवर. बहुतेक गाणी आमचीच, मधे दोन-तीन लोकांच्या ओळखीची. गेल्या सहा महिन्यांत आठ गिग झाले. पाचांचे पैसे नीट आले, दोनांचे अर्धेमुर्धे, आणि एकाचा अजून छदामही नाही. नेमका तोच सगळ्यात छान झाला होता. हॉल भरलेला, दोनदा वन्समोअर, आयोजकाने मिठ्या मारल्या. पैशाचं विचारल्यावर म्हणाला, "हिशेब लागला की उद्या टाकतो." त्या उद्याला आता सात आठवडे झाले. फोन उचलतो, गोड बोलतो, ठेवून देतो.

लेखी काही नाही. सगळं फोनवर ठरलं. मेसेजमध्ये फक्त तारीख, वेळ आणि त्याचा अंगठ्याचा इमोजी.

तर विचारायचंय ते असं. लहान बँडने ॲडव्हान्स मागितला तर लोक दुसऱ्याला बोलावतात का? तिकिटांतला वाटा ठरला असेल तर खरा आकडा कसा कळायचा? आणि हे थकलेले कसे काढू? "फुकट वाजवू नका" एवढाच सल्ला असेल तर कृपया नको, ती अक्कल विकत घेऊन झाली आहे.

बेसूर_बेसवाला
ॲडव्हान्स मागा. बिनधास्त मागा. आमच्याकडे अर्धे बुकिंगला आणि उरलेले त्या दिवशी साउंडचेक झाल्यावर, स्टेजवर चढायच्या आत. ॲडव्हान्स येईपर्यंत तारीख मोकळी समजतो आणि तसं स्पष्ट सांगतो. तुम्ही नवे असाल तर पाव रक्कम मागा, पण मागा. ज्याला आज पाव भाग काढताना घाम फुटतो, तो कार्यक्रम झाल्यावर पूर्ण कुठून आणणार? तुम्हाला हे महिनाभर आधी कळतं, ॲडव्हान्सचा खरा फायदा तोच.

आणि लाजायचं काही कारण नाही. रॉक अँड रोलचा दिग्गज चक बेरी स्टेजवर जाण्याआधी रोख हातात घ्यायचा, त्याबद्दल तो प्रसिद्धच होता. गायिका अरीथा फ्रँकलिनसुद्धा रोख घ्यायची आणि ती पर्स गाताना नजरेसमोर ठेवायची. एवढ्या मोठ्या माणसांना विश्वास नव्हता तर आपण कोण लागून गेलो?

जुना_ढोल
थोडा वेगळा सूर लावतो. साठ माणसं मावतील एवढ्या जागेत आम्ही कित्येक वर्षं नुसत्या तिकिटांच्या वाट्यावर वाजवलं. मालकाने एकदाही फसवलं नाही. अशा माणसासमोर ॲडव्हान्सचा हेका धरला असता तर ती जागा आम्हाला मिळालीच नसती. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

बेसूर_बेसवाला
@जुना_ढोल, मान्य. पण तुमचा मालक त्याच रात्री हिशेब करत होता ना? मग तिथे ॲडव्हान्सची गरजच नाही. इथे "उद्या" आहे.

पडद्यामागचा
मी आठ-नऊ वर्षं कार्यक्रम भरवले, आता सोडलं. शिव्या खायची तयारी ठेवून आमची बाजू सांगतो.

पैसे बुडवणारे बरेचसे आयोजक चोर नसतात, ते आशावादी असतात. आणि तुमच्यासाठी ते जास्त वाईट. हॉलवाला आधी पैसे घेतो, नाहीतर कुलूप उघडत नाही. साउंडवाला आधी घेतो, नाहीतर ट्रक येत नाही. छपाईचं तसंच. उरतो बँड. बँडचे पैसे तिकिटांतून निघतील असं मनाशी धरलेलं असतं. तिकिटं खपली नाहीत की हातात काही नसतं, आणि तोवर तुमचं वाजवून झालेलं असतं. गरज सरो वैद्य मरो. मी स्वतः एका बँडला तीन महिने झुलवलं आहे. शेवटी दिले, पण ते पुन्हा आले नाहीत, आणि बरोबरच केलं.

त्यामुळे "किती देणार?" याच्या आधी विचारा, "कुठून देणार?" तिकिटांतून, जागेच्या गल्ल्यातून, की प्रायोजकाकडून? प्रायोजक असेल तर सावध. मोठ्या कंपन्या बिल मिळाल्यावर ३०, ६०, कधी ९० दिवसांनी पैसे सोडतात. आयोजक तुम्हाला "पुढच्या आठवड्यात" सांगतो तेव्हा त्याला स्वतःलाच तारीख माहीत नसते. दुसरं, त्या रात्री पैसे हातात देणाऱ्या माणसाचं नाव विचारा. मधे एजन्सी असली की जागेचा मालक एजन्सीकडे बोट दाखवतो, एजन्सी आयोजकाकडे, आणि तुम्ही वायरी गुंडाळत बसता.

मोठ्या ठिकाणीही हेच. १९६९ च्या अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात द हू आणि ग्रेटफुल डेड या बँडच्या माणसांनी सांगितलं की रोख मिळाल्याशिवाय बँड चढणार नाही. शनिवारची रात्र, बँका बंद. शेवटी तिथल्या बँकेच्या मॅनेजरला मध्यस्थीला घालून पैसे उभे केले. चढण्याआधी मागितले म्हणून मिळाले. शेवटचं गाणं झाल्यावर कोणी मॅनेजरला झोपेतून उठवलं असतं असं मला तरी वाटत नाही.

तिकीटखिडकी
वाट्याबद्दल मी सांगते, दारावर बसून बरीच वर्षं गेली.

सगळी गोम "खर्च वजा जाता" या तीन शब्दांत आहे. समजा तिकिटांचे १०० आले आणि तुमचा वाटा ७० टक्के. तुम्ही ७० धरून घरी जाता. पण आधी हॉल, साउंड, पोस्टर मिळून ४० वजा झाले तर उरतात ६०, त्याचे ७० टक्के म्हणजे ४२. आणि ते ४० कोण ठरवणार? तेच. म्हणून वाटा एकूण विक्रीवर घ्या, नाहीतर खर्चाची यादी आणि कमाल आकडा आधीच पक्का करा. "इतर किरकोळ" असं काही दिसलं तर तिथेच थांबवा.

मोजायला तुमचा माणूस दारात बसवा. हातातलं क्लिकर काउंटर अगदी स्वस्त मिळतं. तुमच्या माणसाने ११० मोजले आणि हिशेबात ७० आले तर निदान विचारता येतं. ऑनलाइन विक्री असेल तर शो सुरू होताना विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट मागा. फुकट पासांची संख्या आधी ठरवा. मी असे कार्यक्रम पाहिलेत जिथे निम्मा हॉल "आमचाच माणूस" होता.

जमत असेल तर "किमान एवढे, किंवा वाट्याचे, जे जास्त असेल ते" असं ठरवा. तिकिटं पडली तरी तुमचा प्रवासखर्च निघतो. बाकी ताकद असेल तर काहीही मागता येतं म्हणा. लेड झेपलिन या रॉक बँडचा मॅनेजर पीटर ग्रँट गेटच्या, म्हणजे तिकीटविक्रीच्या, ९० टक्क्यांवर अडून बसायचा, आणि लोक देत होते.

एक उलटा प्रकारही आहे: "ही ५० तिकिटं तुम्ही विका, उरलेल्यांचे पैसे तुम्ही भरा." त्यात तुम्ही कलाकार नाही, कमिशन नसलेले सेल्समन आहात. नाही म्हणा.

अर्धवकील
बहुतेक देशांच्या कायद्यात तोंडी करारही करारच असतो. अडचण तो सिद्ध करण्याची. त्यासाठी स्टॅम्प पेपर, शिक्के वगैरेच्या मागे लागू नका. फोन ठेवल्याबरोबर एक मेल टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, ४५ मिनिटांचे दोन सेट. मानधन इतके, ॲडव्हान्स इतका, बाकी त्याच रात्री अमुक व्यक्तीकडून. साउंडचा खर्च तुमच्याकडे. बरोबर आहे ना?" समोरून "हो" आलं की काम झालं. अंगठा टाळा. कशाला अंगठा दिला यावर नंतर वाद घालता येतो.

लोक हमखास विसरतात ते कलम रद्द होण्याचं. दोन दिवस आधी कार्यक्रम रद्द केला तर ॲडव्हान्स तुमच्याकडे राहणार की परत? आणि तुमचा गायक आजारी पडला तर? दोन्ही बाजू लिहा, म्हणजे समोरच्यालाही मेल एकतर्फी वाटत नाही.

अवांतर: व्हॅन हेलन या रॉक बँडने १९८२ च्या दौऱ्यात करारात घातलं होतं की एम अँड एमच्या चॉकलेटच्या गोळ्या ठेवा, पण तपकिरी एकही नको. लोकांना तो माज वाटला. कारण वेगळं होतं. तपकिरी गोळी दिसली की करार कोणी वाचलेला नाही हे कळायचं, मग स्टेजचं वजन आणि विजेची जोडणी पुन्हा तपासायची. तुमचा मेल वाचला जातो का, हे पाहायला असं एखादं साधं कलम वाईट नाही.

आता थकबाकी. भांडू नका, आणि फेसबुकवर नाव घेऊन लिहू नका. पैसे राहतील बाजूला, अब्रुनुकसानीचं लचांड मागे लागेल. आधी त्याच्याकडून रक्कम लेखी कबूल करून घ्या. मग बिल पाठवा, तारखेसह. ती उलटली की शेवटची सूचना, नवीन तारखेसह. त्यानंतर लहान रकमेच्या दाव्यांची जी सोय तुमच्याकडे असेल ती. अनेक देशांत अशा दाव्याला वकील लागत नाही. पोस्टर, त्या रात्रीचे व्हिडिओ, सगळे मेसेज आत्ताच एका फोल्डरमध्ये टाका. फोन बदलला की जुने मेसेज गायब होतात.

जुना_ढोल
अर्धवकीलांना अनुमोदन. अजून एक, तुमच्याकडे संगीतकारांची संघटना असेल तर सभासद व्हा. ब्रिटनची म्युझिशियन्स युनियन १८९३ ची, अमेरिकेतली फेडरेशन १८९६ ची. हे दुखणं आजचं नाही. ब्रिटनची संघटना सभासदांना नमुना करार देते, बुडालेल्या मानधनाच्या मागेही लागते.

आणि गाणी तुमचीच आहेत ना? मग ती रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदवा आणि प्रत्येक गिगनंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी पाठवा. ब्रिटनची पीआरएस आणि अमेरिकेची ॲस्कॅप, दोन्ही १९१४ पासून हेच करतात. हा पैसा रचनाकाराचा, मानधनापेक्षा वेगळा. आयोजकाने "त्यातच धरा" म्हटलं तर धरू नका.

काळी_चार
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल त्याला मेसेज टाकला: "फोनवर ठरलेली अमुक रक्कम बाकी आहे. दोन हप्त्यांत दिलीत तरी चालेल. तारखा कळवा." दहा मिनिटांत उत्तर: "हो, बरोबर आहे, पण प्रायोजकाने अजून दिले नाहीत हो."

@पडद्यामागचा, तुम्ही तिथे होतात का?

अर्धवकील
ते "हो, बरोबर आहे" सोन्यासारखं जपा. प्रायोजक हा त्याचा आणि त्यांचा मामला, तुमचा व्यवहार त्याच्याशी. आता तारखा तुम्हीच सुचवा.

काळी_चार
तीन आठवड्यांनी परत आले. पहिला हप्ता आला, तोही एक दिवस आधी. दुसरा पंधरा तारखेला म्हणतोय, बघू.

दरम्यान दोन नव्या चौकश्या आल्या. दोघांकडे पाव ॲडव्हान्स मागितला. एकाने "एवढा अविश्वास?" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने काही न बोलता पाठवून दिला आणि वर विचारलं, स्टेजवर पाण्याच्या बाटल्या किती ठेवू.

अवांतर: तो ॲडव्हान्स कोणाच्या खात्यात घ्यायचा यावरून आता आमचं आमच्यातच वाजलंय. ड्रमर म्हणतो माझ्या, कारण गाडी त्याची. नवा धागा काढू का?