विकिडेटा + डीबीपीडिया: ठाणे जिल्ह्यातली स्थानकं एकाच क्वेरीत कशी काढायची?

कोलशेतकर: ठाणे जिल्ह्यातली रेल्वे स्थानकं विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावरून आणि त्यांचं वर्णन डीबीपीडियावरून, म्हणजे विकिपीडियातून काढलेल्या माहितीसाठ्यावरून, हवंय. स्पार्कलमध्ये (या साठ्यांना विचारायची क्वेरी भाषा) सर्व्हिस, म्हणजे दुसऱ्या साठ्याला आतून विचारणारी आज्ञा, लावलं की ६० सेकंदांत टाइमआउट. शिवाय बोईसर, पालघर यादीत नकोत, आणि खारघर-पनवेलही नकोत.

नेरूळ_पूर्व: टाइमआउटचं कारण बहुतेक वेळा एकच. आतल्या सर्व्हिसला स्थानकांची नावं पोचतच नाहीत, मग इंजिन पलीकडचं सगळं मागवून इथे जुळवत बसतं. काही इंजिनं उलट करतात, दर ओळीमागे एक विनंती पाठवतात. दोन्ही वाईटच. आधी फक्त विकिडेटावर यादी काढा, ते आयडी व्हॅल्यूजमध्ये (क्वेरीतच दिलेली तयार यादी) पन्नास-पन्नास भरून डीबीपीडियाला सेमअ‍ॅजने विचारा; हा दुवा दोन्हीकडची नोंद एकच असल्याचं सांगतो. विकिडेटाचे आयडी एचटीटीपीनेच लिहा. एचटीटीपीएस लिहिलंत तर एरर येत नाही, नुसती रिकामी यादी येते. स्क्रिप्टमधून विचारताना युजर-एजंटमध्ये (विनंती कोण पाठवतंय ते सांगणारी ओळ) संपर्क द्या, नाहीतर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा संदेश, मिळेल.

तलावपाळी: जिल्ह्याचा घोळ जास्त चिवट आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. एखाद्या नोंदीत पी१३१ ला (ठिकाण कोणत्या प्रशासकीय विभागात आहे ते) ठाणे आणि पालघर दोन्ही सामान्य दर्जाचे असतील, तर डब्ल्यूडीटी (फक्त सर्वांत वरच्या दर्जाची मूल्यं देणारा उपसर्ग) दोन्ही देतं. पालघरला प्राधान्याचा दर्जा असेल तरच जुनं गळतं. म्हणून डब्ल्यूडीटीऐवजी पूर्ण विधानाची, म्हणजे तारखांसकट मूल्याची, वाट धरा आणि पी५८२, म्हणजे समाप्तीची तारीख, असलेली विधानं फिल्टर नॉट एक्झिस्ट्सने वगळा. पी१३१ पुढे तारा (*, म्हणजे कितीही पायऱ्या) लावून वर चढत गेलात तर हा तपास फक्त पहिल्या पायरीवर होतो, हे ध्यानात असू द्या.

नवी मुंबईत त्या ताऱ्याचाच त्रास. सिडकोचं शहर ठाणे आणि रायगड दोन्हींत पसरलंय. स्थानक "नवी मुंबई"ला जोडलेलं आणि शहर दोन जिल्ह्यांना, की खारघरही ठाण्यात येऊन बसतं. इथे क्वेरीशी झटापट नको. पी६२५ चे अक्षांश-रेखांश घ्या, जिल्ह्याच्या नोंदीतल्या पी४०२ वरून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातली हद्द उतरवा आणि क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये बिंदू आत आहे का ते बघा.

कोलशेतकर: आणि नावाने शोधलं की "ठाणे" सापडत नाही, ते?

नेरूळ_पूर्व: भाषेची खूण राहिलीय. "ठाणे" आणि एमआर (मराठी) खूण लावलेलं "ठाणे" स्पार्कलच्या लेखी वेगळे शब्द. पण नावाने शोधूच नका, क्यू क्रमांक, म्हणजे नोंदीचा विकिडेटा आयडी, धरा.