दिवाळीनंतर सात रात्री : व्हिएतनाम का कंबोडिया?

विजापूररोडची
आमच्या घरात पंधरा दिवस झाले एकच वाद चाललाय, म्हणून इथं मांडते. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. भाऊबीज उरकली की आम्ही चौघं निघणार, मी, नवरा, सहावीतला मुलगा (अकरा पूर्ण) आणि सासूबाई, वय ६८, गळ्यात माळ, म्हणजे मटण-मासे सोडा अंडंसुद्धा नाही, आणि कार्तिकी एकादशीला त्यांना पंढरपुरात असायलाच लागतं. म्हणजे हातात सात रात्री. चौघांचाही पहिला परदेश.

नवरा म्हणतो व्हिएतनाम, कारण ऑफिसातले तिघं जाऊन आलेत आणि मुंबईहून थेट विमान आहे. मी म्हणते शेजारचा कंबोडिया. आणि माझं कारण एकच आहे, अंगकोर वाट. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं विष्णूसाठी बांधलेलं देऊळ, आणि त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर एका बाजूला कुरुक्षेत्र, एका बाजूला लंकेचं युद्ध, आणि पूर्वेकडं समुद्रमंथन, जवळपास पन्नास मीटर लांब एकच पट, वासुकीला धरून देव एकीकडं ओढतायत आणि दैत्य दुसरीकडं. कुरुक्षेत्राच्या पटात बाणांवर पडलेला भीष्म आहे. सासूबाई लिहायवाचायला फार शिकल्या नाहीत पण ती भिंत त्या एकट्या वाचतील, त्यांना गाईड लागणार नाही. त्यांचे गुडघे अजून दोन-तीन वर्षं साथ देतील. व्हिएतनामला आम्ही नंतर कधीही जाऊ, त्यांना घेऊन अंगकोरला जायचं तर आत्ताच. कुणाला हे चुकीचं वाटत असेल तर मोकळेपणानं सांगा, मला खरंच ऐकायचंय.

पार्कचौक
ताई, मला चुकीचं वाटतं, स्पष्टच सांगतो. चौघं जाणार आणि ठरवणार एकटीच्या आवडीवर. अकरा वर्षांच्या पोराचा विचार करा की. आम्ही गेल्या मार्चमध्ये व्हिएतनाम केलं, माझा मुलगा बारा वर्षांचा, तो अजून हा लाँग बे सोडून दुसरं बोलत नाही. समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे डोंगर, दीड हजारांच्या वर बेटं, त्यांच्यामधी बोटीवर रात्रभर मुक्काम. मग दा नांगजवळ बा ना हिल्सची पाच किलोमीटरच्या वर लांबीची केबल कार, तो दगडी दिसणाऱ्या दोन हातांवर पेललेला सोनेरी पूल, आणि साऊथला कू ची चे भुयार, जिथं युद्धाच्या काळात माणसं जमिनीखाली राहिली, तिथं पोरगं स्वतः रांगत गेलं. इतिहास पण झाला, मजा पण झाली. कंबोडियात दुसऱ्या दिवशी तिसरं देऊळ आलं की पोरगं पायरीवर बसून मोबाईल मागणार, हे लिहून घ्या. ई-व्हिसा २५ डॉलर, हनोईत उतरायचं, संपला विषय.

होटगीरोड
पार्कचौक दादा, तुम्ही मार्चला गेलात. ताई नोव्हेंबरला चालल्यात. हा फरक कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते कारण मी भोगलंय. आम्ही दिवाळीच्या सुट्टीतच गेलो होतो, टूरवाल्याला तीनदा विचारलं पाऊस असतो का, म्हणाला हलकी सर येते. दा नांग आणि होई आनला तीन दिवस होतो, तिन्ही दिवस हॉटेलच्या काचेतून पाऊस बघितला. मधल्या व्हिएतनामचा पावसाळा आपल्यासारखा जून-जुलैचा नाहीच, तो सप्टेंबर ते डिसेंबर, ऑक्टोबर-नोव्हेंबरला सगळ्यात जास्त. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीला हुए आणि होई आन दोन्ही गावं पाण्यात होती. आपल्याकडं सोलापूरला ढग बघायची सवय नाही म्हणून आपण पावसाळा हा प्रश्न विचारतच नाही.

पार्कचौक
मान्य, पण व्हिएतनाम म्हणजे एकटं दा नांग नव्हे. उत्तर-दक्षिण दीड हजार किलोमीटरच्या वर लांब देश आहे, एका टोकाला पाऊस तर दुसऱ्या टोकाला कोरडं. नोव्हेंबरात हनोईची हवा सगळ्यात छान, थोडा गारवा असतो. मधला भाग गाळा, हनोई, हा लाँग आणि विमानानं हो ची मिन्ह सिटी.

होटगीरोड
मग केबल कार गेली, सोनेरी पूल गेला, होई आनचे कंदील गेले. मगाशी तुम्ही पोरासाठी जे सांगितलंत त्यातलं निम्मं वजा झालं. आणि हा लाँगला जुलै २०२५ मध्ये पर्यटकांची बोट वादळात उलटून कितीतरी माणसं गेली. घाबरवत नाही, नोव्हेंबर त्या मानानं शांत असतो, पण बोटीवर रात्र काढणार असाल तर हवामान बघून निघा एवढंच.

बाळीवेस_मास्तर
मी निवृत्त शिक्षक. कंबोडिया २०१९ ला बघितला. इतिहास शिकवणाऱ्या मला सुद्धा अंगकोरबद्दल चार ओळींच्या पुढं माहिती नव्हती ह्याचं तिथं उभं राहिल्यावर वाईट वाटलं.

सोलापूरच्या माणसाला एकच सांगतो. आपले सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, अजूनही गड्ड्याच्या जत्रेला संक्रांतीच्या आदल्या दिवशी नंदीध्वज त्या ६८ लिंगांना फिरतात, तेलाभिषेक होतो. त्याच शतकात तिकडं अंगकोर वाट उभं राहत होतं. आणि तिथून उत्तरेला डोंगरात क्बाल स्पीन म्हणून ओढा आहे, त्याच्या तळाच्या खडकात शेकडो लिंगं कोरलीत, त्यांच्यावरून पाणी वाहत खाली शेतांकडं जावं म्हणून. हे अंगकोर वाटच्या आधीचं काम. मी ते बघताना माझ्या डोळ्यासमोर आपला तलाव आणि तलावातलं देऊळ होतं. वाटेत बांतेय स्रेई लागतं, इ.स. ९६७ चं, गुलाबी दगड, लाकडावर करावं तसं कोरीवकाम. पोरगं कंटाळतं ते देवळाला नाही, गोष्ट न सांगणाऱ्या मोठ्यांना कंटाळतं. समुद्रमंथनाच्या भिंतीपाशी त्याला देव आणि दैत्य मोजायला लावा, अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

आणखी एक, १९८६ ते ९३ मध्ये तिथली परिस्थिती बिकट असताना अंगकोर वाटची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी केली. त्या कामाच्या पद्धतीवर पुढं टीकाही झाली. पण त्या दिवसांत ते गेले हे खरं.

कन्नाचौक_टॉवेलवाला
मास्तर, तुमचं ऐकून अंगावर काटा आला, पण मी ताईंच्या मिस्टरांच्या बाजूनं. मी यंत्रमागाच्या धंद्यातला, माल बघायला हो ची मिन्हला दोनदा गेलोय, म्हणून व्यवहाराचं बोलतो.

एक तर सीमेचं. २०२५ ला जुलैमध्ये आणि परत डिसेंबरमध्ये थायलंड-कंबोडियाची लढाई झाली, लाखो लोक घरं सोडून गेले. आत्ता शांत असेल पण म्हातारं माणूस आणि लेकरू घेऊन जाताना हा विचार पाहिजेच. आजारपणाचं पण तसंच, काही मोठं झालं तर अंगकोरजवळच्या सिएम रीप गावापेक्षा हनोई-हो ची मिन्हची मोठी हॉस्पिटलं मला जास्त भरवशाची वाटतात. पैशाचं बघा, अंगकोरचा तीन दिवसांचा पास माणशी ६२ डॉलर, एका दिवसाचा ३७. तीन मोठी माणसं म्हणजे १८६ डॉलर नुसते तिकिटाला. वर विमान बदलून जायचं. आणि अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्याचा जिना शिडीसारखा उभा आहे ओ, ६८ व्या वर्षी कसं चढणार. बारा वर्षांखालच्या मुलांना तर वर सोडतच नाहीत. म्हणजे सासूबाई खाली, पोरगं खाली.

विजापूररोडची
टॉवेलवाले दादा, सीमेचं बरोबर आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. निघायच्या आधी आपल्या दूतावासाची सूचना बघणार आणि रद्द करता येईल असंच बुकिंग करणार, पाच टक्के जास्त गेले तरी चालतील.

पण जिन्याचं नाही पटत. मला जे त्यांना दाखवायचंय ते सगळं खालच्या ओवऱ्यांत आहे, तिथं थोड्या पायऱ्या आहेत, त्या तर त्या पंढरपूरला घाटावर रोज चढतात. वरच्या मजल्यावर मी नाही गेले तरी चालेल. आणि बारा वर्षांखाली पास फुकट आहे, पासपोर्ट दाखवायचा, म्हणजे मुलाचे पैसे नाहीत. दिवसभरासाठी एक टुकटुक ठरवायची, पहाटे निघायचं, अकराला परत, दुपारी झोप, चारला पुन्हा. एप्रिलात सोलापुरात आपण तसंच जगतो की.

पार्कचौक
जेवणाचं कुणीच काढलं नाही अजून. माळकरी बाईंना कंबोडियात अवघड जाईल. भाजीत पण प्राहोक घालतात, म्हणजे आंबवलेल्या माशाचा लगदा. व्हिएतनाममध्ये पण माशाचं पाणी सगळ्यात असतं हे खरं, पण तिथं बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेला शाकाहार करतात, त्यामुळं 'चाय' अशी पाटी असलेली शुद्ध शाकाहारी हॉटेलं गल्लोगल्ली सापडतात. आम्ही सहा दिवस त्यावर काढले, टोफूची दहा प्रकारची भाजी. इथं व्हिएतनाम सरळ जिंकतं.

विजापूररोडची
हे मला माहीत नव्हतं, आणि हा मुद्दा खरंच जड आहे. सिएम रीपला भारतीय हॉटेलं आहेत एवढं बघितलंय. पण सासूबाई बाहेर कुठंच धड जेवत नाहीत, तुळजापूरला गेलं तरी डबा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दशम्या, चिवडा असं चार दिवसांचं तर न्यावंच लागेल, देश कुठलाही असो.

जुळेसोलापूर२
एवढं भांडण्यापेक्षा दोन्ही करा ना. हनोईहून सिएम रीप विमानानं दोन तासाच्या आत आहे. चार रात्री तिकडं, तीन इकडं.

होटगीरोड
नको हो. सात रात्रीत मुंबईला जायचे-यायचे दोन दिवस, चार विमानतळ, दोन व्हिसा, दोन चलनं, आणि बरोबर म्हातारं माणूस. फोटो दोन देशांचे येतील, बघणं एकाचंही होणार नाही. एक देश, एक गाव, एक हॉटेल. पहिल्या वेळेला एवढंच.

जुळेसोलापूर२
बरं. पण कंबोडियाला गेलात तर राजधानी नॉम पेन्हला थांबून तुओल स्लेंग बघा. शाळेची इमारत, १९७५ ते ७९ च्या ख्मेर रूज राजवटीनं तिचा तुरुंग केला. आपण सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी मुलांना नेतो तसंच हे.

बाळीवेस_मास्तर
माझा विरोध. चार हुतात्मे फाशी गेले ते एका लढ्यासाठी, मुलाला ते सांगताना छाती फुगते. तुओल स्लेंगमध्ये आपल्याच लोकांनी आपल्या लोकांचे हाल करून मारलं, भिंतभर फोटो आहेत, त्यात त्याच्या वयाची मुलं आहेत. मी ६० व्या वर्षी रात्रभर झोपलो नाही. अकराव्या वर्षी नको, सोळाव्या वर्षी जरूर.

विजापूररोडची
काल रात्री सासूबाईंनाच मोबाईलवर दोन्हीकडचे फोटो दाखवले, माझं मत न सांगता. हा लाँगचे डोंगर बघून म्हणाल्या छान आहे, नातवाला आवडेल. समुद्रमंथनाची भिंत बराच वेळ मोठी करून करून बघितली, मधला विष्णू बोटानं दाखवला. मग विचारलं, तिथं पूजा होते का अजून? मला सांगता आलं नाही. मास्तर, तुम्हाला माहीत आहे का?

बाळीवेस_मास्तर
होते. देऊळ आता बौद्धांचं आहे, पण पश्चिमेच्या दारातून आत शिरताना आठ हातांचा उभा विष्णू आहे, पुरुषभर उंचीपेक्षा मोठा. तिथले लोक त्याला ता रीच म्हणतात, वस्त्र नेसवतात, उदबत्ती लावतात, नवस बोलतात. मी गेलो तेव्हा एक म्हातारी खाली बसून हात जोडून काहीतरी पुटपुटत होती.

विजापूररोडची
सांगितलं त्यांना. घरातल्या तुळशीची मंजिरी न्यायला देतात का विचारतायत.

पार्कचौक
ताजं झाड-पान विमानानं नेऊ नका ताई, कस्टमवाले काढून घेतात. लाकडी तुळशीची माळ असते ती चालेल. मी अजून व्हिएतनामच म्हणतो, मुलासाठी, पण मिस्टरांना ही भिंत दाखवा एकदा. आणि कंबोडियात डॉलर चालतात पण नोट जराशी फाटलेली असली तरी घेत नाहीत, मुंबईत बदलून घेताना एकेक नोट उजेडात बघून घ्या, सुट्टे एक आणि पाचचे जास्त मागा.