मदत हवी आहे: हवा आत जाते म्हणून छाती फुगते की छाती फुगते म्हणून हवा आत जाते?

नमस्कार मंडळी, मुलगी अकरावी सायन्सला आहे, परवा श्वसनाचा धडा घेऊन बसलो आणि मीच अडकले. आजवर मला वाटायचं आपण नाकाने हवा ओढतो आणि मग फुग्यासारखी छाती फुगते. ती म्हणाली आई उलटं आहे गं, आधी श्वासपटल (छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा) आकुंचन पावून खाली सपाट होतं, बरगड्या वर उचलल्या जातात, आतली जागा वाढते, जागा वाढली की दाब उतरतो आणि मग बाहेरची हवा आपोआप आत शिरते. बॉईलचा नियम म्हणे, १६६२ चा.

हे पटायला सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घेतली. तोंडावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढला तर बोटाची कातडी आत खेचली गेली, आणि दट्ट्या सोडल्यावर टक्कन पुढे आला. इथवर ठीक.

मग बाटलीचं मॉडेल. बाटलीचा तळ कापून तिथे रबर ताणून बसवलं, झाकणाला तापलेल्या सळईने भोक पाडून स्ट्रॉ घातली, स्ट्रॉला आतून फुगा. रबर खाली ओढलं तर फुगा ढिम्म! काय चुकलं? आणि दुसरं म्हणजे पुस्तकात श्वास घेताना फुप्फुसातला दाब ७६० चा फक्त ७५९ मिमी (पाऱ्याचा) होतो असं दिलंय, एवढ्याशा फरकाने ५०० मिली हवा कशी येईल? शिवाय श्वास सोडल्यावर फुप्फुस पार मिटून का जात नाही?

प्रतिसाद:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच शिकवते. स्ट्रॉभोवतीची फट आधी बघा, तिथूनच हवा बाटलीत जात असणार. १ मिमीचं म्हणाल तर श्वासनलिका मोकळी असली की अडथळा फार कमी असतो, जागा वाढते तशी हवा भरतच जाते, दाबाला उतरायला सवडच मिळत नाही. नाकतोंड घट्ट बंद करून छाती फुगवून बघा, जेमतेम हलते आणि बरगड्यांमधला भाग आत ओढला जातो. आणि ७६० समुद्रसपाटीचा, पुण्यात ७१० च्या आसपासच असतो, महत्त्वाचा आहे तो आतबाहेरचा फरक.

मिटण्याचं उत्तर तर तुमच्या बाटलीतच आहे. फुप्फुस आत आकसायला बघतं, छातीचा पिंजरा बाहेर ताणतो, मधे दोन पापुद्रे आणि थोडासा द्राव, तिथला दाब श्वास सोडल्यावरही बाहेरच्यापेक्षा साधारण ५ सेंमी पाण्याइतका कमी असतो, म्हणून फुप्फुस उघडं राहतं. त्या जागेत हवा शिरली की ते मिटतं, त्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. तुमच्या फटीने तेच झालंय.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! फटीला एमसील लावून रात्रभर ठेवलं, सकाळी रबर ओढलं आणि फुगा उमलला हो, सोडलं की परत बारीक! मग लेकीने मुद्दाम बाटलीला तापल्या सुईने भोक पाडलं तर पुन्हा ढिम्म, बोटाने भोक दाबलं की परत चालू, सकाळभर तिचं तेच चाललं होतं. आता एकच राहिलं, बाटली कडक असल्याने बरगड्यांची हालचाल यात दिसतच नाही, ती दाखवायला घरातलं काय वापरता येईल? शनिवारी वर्गात न्यायचंय.